वरोऱ्याची खाण, नागपूरची गिरणी आणि आपला कापूस



बैठक भिंगारात आणि मी बोलणार वरोऱ्याच्या खाणीवर, म्हणून काही जण हसले. हसा. पण तुमच्या कापसाचा त्या खाणीशी संबंध आहे.

अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), तिकडचा कापूस अडला, आणि इंग्रज गिरणीवाल्यांना आपला कापूस आठवला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ साली सरकारने आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला कोळशाची खाण काढली, मग वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे तिथवर रूळ टाकले. कोळसा आणि कापूस एकाच रुळावर. दोन्ही जवळ, म्हणून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

१९०६ साली खाण बंद झाली. जुनं पेव बुजावं तशी लोकांच्या डोक्यातून बुजली. वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, ते योग्यच आहे. खाण सहसा कुणाला आठवत नाही. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली, पुढे पाडली गेली, आज तिथे मॉल आहे. टाटांचं नाव पुस्तकात राहिलं, राहायलाच हवं. पण बैलगाडी जुंपून कापूस आणणाऱ्याचं नाव फक्त वहीत असतं, आणि पाडापाडीत सगळ्यात आधी वहीच जाते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवगावकडे एक जुनी जिनिंग पाडत होते. लोखंड, सागवान, विटा, सगळ्याचा भाव ठरलेला. वह्या रद्दीच्या काट्यावर. मी एक उघडली. एका रकान्यात शेतकऱ्याचं नाव नि गाव, पुढे वजन, कडता, धर्मादाय, तोलाई. शेवटच्या रकान्यात रुईचा उतारा. क्विंटलला चौतीस किलो, कुठे पस्तीस. आमच्या वडिलांना फाटकावर काय सांगायचे? माल हलका आहे, उतारा बसत नाही! मी कृषी पदवीधर, उताऱ्याचं गणित मला कॉलेजात शिकवलं. पण आपल्याच गावचा उतारा मला रद्दीत सापडला. एकच वही विकत घेता आली. बाकीच्या टेम्पोत गेल्या.

हे भिंगारसुद्धा एके काळी कोष्ट्यांच्या मागांचं गाव. सूत कुठून यायचं, लुगडं कितीला जायचं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून घरात असतील तर आज संध्याकाळीच विचारा, उद्यावर टाकू नका.

एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली, तेव्हापासूनच्या पावत्या कित्येकांच्या ट्रंकेत आहेत. कुणाकडे त्याआधीच्या आडतीच्या पट्ट्याही असतील. ज्वारीच्या असल्या तरी चालतील. पुढच्या बैठकीला घेऊन या. झेरॉक्स काढून मूळ कागद तुमच्या हातात परत देऊ. ती वही मी आणतो.