हत्तीचं अंग आणि आमचा पळस



होळी होऊन गेली, पण आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत पळसाच्या सुक्या फुलांची दोन पोती अजून भिंतीला टेकून उभी आहेत. दरवर्षी आमच्या गटांतल्या बाया पळसाचा, हळदीचा, बिटाचा, पालकाचा रंग करतात. परतवाडा, अमरावती, अकोट, अकोला इथल्या बाजारात तो विकतो. मात्र ही कमाई पंधरा दिवसांची. रंगपंचमी झाली की गिऱ्हाईक संपलं. कापूस वेचून झालेला असतो आणि पेरणी लांब असते. मधल्या तीन महिन्यांत हाताला काम नसतं. मेळघाटातली कितीतरी घरं याच दिवसांत कुलूप लावून कामासाठी बाहेर पडतात. म्हणून कोणी कामाचं बोललं की आम्ही कान टवकारतो.

यंदा एक पर्यटनाचा धंदा करणारे भाऊ आले. म्हणाले, "जयपूरले पाहुणे हत्ती रंगवतात, त्याच्यासंगं फोटो काढतात आन् चांगले पैसे देतात. तुमचा रंग झाडपाल्याचा, म्हणजे कोणाची तक्रार नाही. चिखलदऱ्याच्या पाहुण्यांसाठी हत्तीचं मी पाहतो. रंग तुमचा, आन् रोज दोन बाया नऊवारी नेसून हाताशी पाहिजेत." रोजी ठरली, रंगाचा भाव ठरला. आम्ही कागदावर हिशेब मांडला, तर दोन महिन्यांत अख्ख्या होळीपेक्षा जास्त पैसे दिसत होते. बैठकीत बऱ्याच जणींनी लगेच हात वर केला, आणि त्यात नवल काही नव्हतं.

पण ठराव लिहिण्याआधी चर्चा करायची, हा आमच्या गटाचा नियम आहे. एका सभासद बाईंचं माहेर सेमाडोहकडचं. त्या एवढंच म्हणाल्या, "व माय, हत्ती आंघोळ करून भायेर आला का पयले अंगावर माती टाकते. त्याले रंग कायले पाह्यजे?"

त्या वाक्यानं बैठक लांबली. मग आम्ही माहिती काढायला लागलो, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

हत्ती आपल्याला परका नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, सिपना नदीकाठी कोलकासला वनविभागाचे हत्ती आहेत. पाहुणे तिथं हत्तीवर बसून जंगल पाहतात. हिवाळ्यात मात्र काही दिवस ही सफारी बंद असते. त्या दिवसांत हत्तींचं 'चोपिंग' होतं. जडीबुटीचा काढा आणि लेप गरम करून माहूत हत्तीचे पाय शेकतात, चोळतात. वर्षभर एवढं ओझं पेलणाऱ्या तळव्यांना भेगा पडतात, त्यावर हा उपाय. गडचिरोलीच्या कमलापूरच्या हत्तींनाही अशीच सुटी मिळते. आमच्या बायांना हे ऐकताच खांदशेकणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतो, तसंच हे. म्हणजे हत्तीच्या अंगाला काही लावायचं, तर त्याचं दुखणं काढण्यासाठी लावायचं, ही रीत आपल्याकडे आहेच.

आता जयपूरचं. तिथं आमेरच्या किल्ल्यावर हत्ती पाहुण्यांना चढवून नेतात. होळीच्या सुमाराला हत्ती-उत्सव भरायचा, सगळ्यात सुंदर रंगवलेल्या हत्तीला बक्षीस मिळायचं. त्यावर आक्षेप वाढत गेले. २०१८ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या वतीनं तिथल्या हत्तींची पाहणी झाली. तेव्हा काही हत्ती क्षयाच्या तपासणीत सापडले, काहींची नजर गेलेली होती. क्षय हत्तीकडून माणसाला होतो आणि माणसाकडून हत्तीलाही. आमच्या दोन बायांनी रोज हत्तीच्या सोंडेपाशी उभं राहायचं होतं, हे लक्षात घ्या. केरळात देवळाचे हत्ती सजवतात, पण तिथं कपाळावर सोनेरी नेट्टीपट्टम बांधतात, अंग रंगवत नाहीत.

"पण आपला रंग तर नैसर्गिक आहे," असं एक ताई परत परत म्हणत होत्या. त्यावर दुसरीनं विचारलं, "बिब्बा कायचा असते मंग?" सगळ्या हसल्या. बिब्बा झाडालाच लागतो, पण अंगावर उतला तर काय होतं ते वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक आहे. खाजकुयली झाडाचीच. चुना दगडाचा, पण ओल्या अंगाला भाजतो. हळदीत चुना कालवला की लाल होते, आणि पांढऱ्या रंगासाठी चुन्याशिवाय स्वस्त काही सुचत नाही. बाजारच्या सुट्या हळदीत पिवळेपणासाठी शिशाचा क्रोमेट मिसळलेला सापडतो, ती वेगळीच भानगड. हत्ती सोंडेनं स्वतःचं अंग चाचपतो आणि तीच सोंड तोंडात घालतो. अंगावर लावलेलं पोटात जाणारच, असं धरून चालावं लागतं.

समजा, रंग अगदी खाण्याजोगा केला, तरी प्रश्न सुटत नाही. हत्तीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगावरच्या बारीक भेगांत पाणी आणि चिखल धरून आणि कान हलवून तो गार राहतो. कानाच्या मागं शिरांचं जाळं असतं. पाहुण्यांना नक्षी काढायला नेमके कान, कपाळ आणि सोंड लागते, डोळ्याच्या अगदी लगत. आणि एवढं मोठं जनावर दोन-तीन तास हलू नये, तर ते कसं उभं राहतं? साखळी आणि अंकुश दोन्ही जवळ असतात म्हणून. नंतर तो रंग घासून काढायचा. दुसऱ्या दिवशी परत नवे पाहुणे. रानात हत्ती दिवसाचा बराचसा वेळ चरत असतो, दीडशे किलोच्या वर चारा त्याला लागतो. त्या वेळेतूनच हे फोटोचे तास कापायचे.

कायद्याचंही आम्ही पाहिलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. वनविभागाचे हत्ती असे कोणाला मिळत नाहीत, आणि बाहेरून आणायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तिकीट लावून जनावराचा खेळ दाखवायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आम्ही त्या भाऊंना कागद मागितले. ते म्हणाले, "होऊन जाईन." बचत गट चालवणाऱ्या बाईला 'होऊन जाईन'चा अर्थ सांगावा लागत नाही.

हत्तीला नाही म्हणायचं ठरलं, पण एकमतानं नाही. तीन जणींनी विरोध नोंदवला आणि आम्ही तो इतिवृत्तात लिहिला. त्यांचं म्हणणं होतं, हत्ती आपण नाही रंगवला तर दुसरं कोणी रंगवेल, मग आपली रोजी का बुडवायची? या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे पैशात नाही.

आठ दिवसांनी भाऊ परत आले. "हत्ती नाही तं बैलजोडी द्या."

इथं खरी पंचाईत झाली, कारण बैल तर आपणच रंगवतो. पोळ्याला अंगावर गेरूचे ठिपके, झूल, मथाटी, शिंगांना बेगड आणि ऑइलपेंट. हत्तीसाठी लावलेलं माप बैलाला लावायचं नाही, असं कसं चालेल? शिंग आपल्याला लाकडासारखं वाटतं, पण त्याच्या आत जिवंत हाड आणि रक्त असतं. रंगात शिसं असलं तर जनावरं एकमेकांना चाटतात तेव्हा ते पोटात जातं. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम २०१६ चा आहे. पण गल्लीतल्या दुकानात चिठ्ठीशिवायचा डबा मिळतो, त्यात काय आहे ते कोण पाहतं? आणि जुनं ते सगळं सोनं, असंही समजू नका. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावत, तो तर पाऱ्याचा.

तेव्हा बैलांबाबत आम्ही असं ठरवलं. बैल पोळ्यालाच सजेल आणि तो त्याचा धनीच सजवेल. पाहुण्यानं लांबून पाहावं, तोरणाखालच्या झडत्या ऐकाव्यात, पुरणपोळीचं जेवण आमच्या गटाकडे घ्यावं, त्याचे पैसे द्यावेत. ज्याला हातानं रंगवायचंच आहे, त्याच्यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. आमच्या भागातल्या सुतारांना तसे लाकडी बैल करायला सांगितले आहेत, हत्तीही करायला सांगितले आहेत. रंग आमचाच. पाहुणा स्वतः रंगवलेला बैल घरी घेऊन जाईल, आणि ज्या बायांची रोजी बुडाली त्यांना हे काम पहिलं मिळेल, असा ठराव आहे. भाऊंना यात फारसा रस दिसला नाही. चिखलदऱ्याच्या दोन खानावळींनी मात्र नमुना मागवला आहे. किती चालेल ते पावसाळ्यात कळेल.

ज्या मैत्रिणींना पोळ्यासाठी घरीच रंग करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पळसाची फुलं झाडावरून ओरबाडू नका, खाली पडलेली वेचा. सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मंद आचेवर उकळा, गाळा, आणि त्या पाण्यात मक्याचं पीठ कालवून परत सावलीतच वाळवा. चुना अजिबात घालू नका. हळद अख्खी आणून घरी दळा. बैलाच्या अंगाला साध्या पाण्यात कालवलेला गेरू पुरतो, डोळ्यांपासून चार बोटं लांब ठेवायचा. शिंगांना ऑइलपेंटऐवजी जवसाच्या तेलात गेरू खलून लावा, काळा हवा तर दिव्याची काजळी. चमक कमी येते, हे खरं आहे. आमच्या घरच्या पोरांनी गेल्या पोळ्याला तोंडं वाकडी केली होती, शेजारच्याच्या बैलाची शिंगं चकाकतात म्हणून. त्यांना आम्ही बेगड लावू दिली.

नमुन्याचे लाकडी बैल अक्षय्य तृतीयेनंतर ग्रामसंघाच्या खोलीत पाहायला ठेवू. ज्या गटांना काम हवं आहे, त्यांनी आपल्या सचिवामार्फत नाव नोंदवावं.