टाचणवहीचे कोरे पान

(केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे शिक्षकाच्या टेबलावर एक नवी वही येते. तिला खाकी कागदाचे वेष्टण घातले जाते, समास आखले जातात, पहिल्या पानांवर वार्षिक नियोजन उतरते आणि काही आठवडे रोजचे टाचण सुवाच्य अक्षरांत लिहिले जाते. पोळा व गणेशोत्सव उलटेपर्यंत ओळी आखूड होतात. दिवाळीच्या सुटीनंतर पाने कोरी राहू लागतात. पुढे भेटीची चाहूल लागली, की महिनाभराची पाने एका रात्रीत भरून निघतात. हा प्रकार केवळ आळशी शिक्षकाच्याच बाबतीत घडतो असे नव्हे. मन लावून शिकविणाऱ्यांच्या बाबतीतही घडतो. म्हणून दोष कोणाचा, हे विचारण्यापेक्षा उत्साह कोठे सांडतो, हे पाहणे अधिक उपयुक्त होय.

पहिले कारण टाचणाच्या लांबीत आहे. हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या रूढ केल्या. अध्यापक विद्यालयातील पाठटिपणीवर त्यांची छाप दीर्घकाळ राहिली. शिकाऊ शिक्षकाने एका पाठाची तयारी बारकाईने करावी, ह्यासाठी ती पद्धत चांगली होती. परंतु दोन शिक्षकांच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या गुरुजींनी प्रत्येक तासिकेची तशी टिपणी रोज लिहावी, ही अपेक्षा निभणारी नव्हे. जे निभत नाही ते प्रथम आखडते आणि मग थांबते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. टाचणवही कोणासाठी लिहावयाची? ती तपासणाऱ्यासाठी लिहिली जाते, असे एकदा मनाने घेतले, म्हणजे तपासणी दूर असताना लेखणी उचलवत नाही. उद्याच्या वर्गाशी वहीचा संबंध तुटला, की उत्साहाचा झराच आटतो.

ह्या संदर्भात एका लहान गावातील शाळेची हकीकत विचार करण्याजोगी आहे. तेथील गुरुजींकडे तिसरी व चौथी हे वर्ग होते. एके दिवशी चौथीतील एका मुलीने फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण मांडले आणि उत्तर लिहिले ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन! वरचा अंक लहान असला तरी मोठ्यातून लहान वजा करून ती मोकळी झाली होती. गुरुजींनी गेल्या वर्षीची टाचणवही काढली. तीत हातच्याच्या वजाबाकीपुढे नोंद होती : "घटक पूर्ण. विद्यार्थ्यांना समजले." त्यांनी त्याच तारखेचे हजेरीपत्रक पाहिले. एकवीसांपैकी नऊच मुले त्या दिवशी उपस्थित होती. ती मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. परतली ती मार्चअखेरीस.

हजेरीपत्रक एक सांगत होते, टाचणवही दुसरेच. ती नोंद एका रात्रीत भरलेल्या पानांपैकी होती. गुरुजींनी कोणाला फसविण्याचा हेतू धरला नव्हता. परंतु वहीने फसविले ते त्यांनाच, आणि त्याची किंमत त्या मुलीने वर्षभर मोजली. "बारा मुले राहिली" एवढे तीनच शब्द त्या पानावर असते, तर मुलगी परतल्यावर हा धडा पुन्हा घेतला गेला असता.

गुरुजींनी नवी वही आणली नाही. चालू वहीतील मागची कोरी पाने त्यांनी भरली नाहीत. त्यांवर तिरपी रेघ मारली आणि पुढच्या पानापासून आरंभ केला. शाळा सुटल्यावर, कुलूप लावण्यापूर्वी, पाच मिनिटे ते लिहू लागले. आज काय राहिले व कोण राहिले, हे प्रथम. उद्या काय घ्यावयाचे व त्यास साहित्य कोणते लागेल, हे नंतर. दुसऱ्या दिवसाच्या टाचणात त्यांनी लिहिले : "दहा-दहा काड्यांचे गठ्ठे." त्या मुलीपुढे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवल्या. दोनांतून सात काढता येईनात, तेव्हा तिने एक गठ्ठा सोडला. चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या झाल्या. बारांतून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर आले पंचवीस. त्या सायंकाळी वहीत नोंद झाली : "गठ्ठा तिने स्वतः सोडला. अजून तिघे बाकी." त्या तिघांसाठी दुसऱ्या दिवशी वही उघडावीच लागली. गुरुजींचा उत्साह परतला तो अशा रीतीने. पुढेही दोन वेळा त्यांचा खंड पडला. दोन्ही वेळा त्यांनी तिरपी रेघ मारून पुन्हा आरंभ केला.

ह्यातून प्रत्येक शिक्षकास घेण्यासारख्या चार गोष्टी आहेत. पहिली, मागील कोरे पान कधीही भरू नये. कोरे पान हे अपुऱ्या कामाचे चिन्ह असेल, परंतु खोटे भरलेले पान पुढील कामच अडविते. दुसरी, टाचण थोडके असावे. पाच ओळी रोज लिहिल्या जाणे हे पाच पाने कधीतरी लिहिण्याहून श्रेयस्कर होय. तिसरी, वेळ व जागा ठरलेली असावी. चौथी, शनिवारी सकाळची शाळा आटोपल्यावर आठवड्यातील "राहिले" असे शेरे एकत्र करून पुढील आठवड्याच्या आरंभी मांडावेत. व्यापारी मागील बाकी पुढे ओढतो, तशीच ही बाकी ओढावयाची.

आज कितीतरी माहिती शिक्षकांना मोबाईलवरून वर पाठवावी लागते. मग कागदी वही कशास, असा प्रश्न साहजिक आहे. वर पाठविलेली माहिती वरच्यांच्या कामाची असते. टाचणवही वर्गात राहते. शिक्षकाची बदली झाली तरी ती वही शाळेत राहिली, तर कोणते मूल कोठे अडले आहे, हे नव्या शिक्षकास पहिल्याच दिवशी कळते. शिवाय पूर्वतयारी हे वरकड काम नव्हे. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ अन्वये शिक्षकाच्या आठवड्याच्या किमान ४५ तासांत तयारीचा वेळ धरलेला आहे.

शेवटी तपासणाऱ्यांविषयीही बोलणे न्याय्य ठरेल. केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी पाने मोजून सही केली, तर शिक्षक पानेच भरणार. तिरप्या रेघेबद्दल जाब विचारला, तर ती रेघ पुन्हा कोणी मारणार नाही. अधिकाऱ्याने "राहिले" हा शेरा शोधावा, त्या मुलाला जवळ बोलवावे आणि शिक्षकाशी त्याच्याविषयी बोलावे. वही वाचली जाते, असा विश्वास वाटला म्हणजे ती खरी लिहिली जाईल.

वर्षाचा कोणताही दिवस ह्या आरंभास उशिराचा नाही. जूनची वाट पाहण्याचे कारण नाही, नवी वही विकत घेण्याचेही नाही. शाळेला कुलूप लावण्यापूर्वी आजच्या पानावर एका मुलाचे नाव आणि त्याचे काय राहिले, एवढे लिहिले तरी पुरे. ते मूल उद्या सकाळी शाळेत येणारच आहे.