मोकळ्या माणसाची विद्या



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक, ग्रंथकार आणि मोठमोठे पदवीधर बोलून गेले. मी त्यांपैकी कोणी नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाशी, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्यापीठातील शिक्षणावर बोलण्याचा या माणसाला अधिकार कोणता, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. माझे म्हणणे एवढेच की, जो दाराबाहेर उभा राहिला आहे त्याला दार किती जाड आहे हे चांगले ठाऊक असते.

हल्ली 'लिबरल आर्ट्‌स' हा शब्द आपल्या कानावर वारंवार येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या नावाची खाजगी विद्यापीठे आपल्या देशातही निघाली. तेथे विद्यार्थ्याला एकाच विषयाला जुंपत नाहीत. तो गणिताबरोबर इतिहास शिकतो, रसायनाबरोबर संगीत शिकतो, पदवीच्या वयातच प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करतो आणि जमल्यास परदेशी एखादे सत्र काढून येतो. हे सारे चांगलेच आहे. पण वर्षाची फी पाहिली तर ती लाखांच्या घरात जाते. मग मजुराच्या घरातील माणूस सहज म्हणून जातो की, ही श्रीमंतांच्या मुलांची हौस आहे, आपल्या पोराने आयटीआय करावा आणि पोटाला लागावे. आयटीआयला मी नावे ठेवणार नाही. मला तपासायची आहे ती ही समजूत.

या शब्दाचे मूळ पाहा. लॅटिन भाषेत 'लिबर' म्हणजे स्वतंत्र, जो गुलाम नाही तो. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या अशा स्वतंत्र माणसाच्या मानल्या गेल्या. ॲरिस्टॉटलने तर आपल्या राजनीतीवरील ग्रंथात मजुरीच्या कामाने मन हीन होते, असे मत मांडले. म्हणजे वाटणी स्पष्ट होती. एकाने राबायचे आणि त्याच्या राबण्यावर दुसऱ्याने मोकळे होऊन विचार करायचा. आपल्याकडे हीच वाटणी जातीने केली आणि तिला धर्माचे नाव दिले. माझा आजचा विषय असा की, ही वाटणी मोडता येते काय? कोणी मोडून दाखवली आहे काय?

अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक लहान गाव आहे. तेथे 1855 साली जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने एका खोलीची शाळा काढली. ज्या मुलखात माणूस बाजारात विकला जात होता, त्या मुलखात काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका बाकावर बसावे, हे त्याचे ध्येय. 1859 च्या अखेरीस हत्यारबंद जमावाने त्याच्या सहकाऱ्यांना गावातून हाकलून दिले. यादवी युद्ध संपल्यावर माणसे परतली. 1866-67 साली तेथे 96 काळे आणि 91 गोरे विद्यार्थी होते. 1873 साली कॉलेजने पहिल्या पदव्या दिल्या.

त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ते पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण विद्यार्थ्याचा जगाशी संबंध यावा असे आज म्हणतात, तेव्हा मला ती अर्पणपत्रिका आठवते. जोतीराव अमेरिकेला गेले नव्हते. दूरच्या गुलामाचे दुःख आणि शेजारच्या शूद्राचे दुःख यांना त्यांनी एका मापाने मोजले. जगाशी नाते जोडणे ते हेच.

बेरियाची पुढची कथा सरळ नाही. 1904 साली केंटकीच्या कायदेमंडळाने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1908 साली हरले. 1950 साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे काळ्या विद्यार्थ्यांना दार पुन्हा उघडले. छेचाळीस वर्षे गेली. एखादी चांगली संस्था उभी राहिली म्हणजे ती कायम राहीलच असे नसते. तिच्यासाठी पिढ्यान् पिढ्या जागे राहावे लागते, हे आम्हां युनियनवाल्यांना निराळे सांगायला नको.

दार बंद होण्याच्या आदल्या वर्षी, 1903 साली, कार्टर वुडसन हा तरुण तेथून पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचे आईबाप गुलामीत जन्मलेले. तो स्वतः वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबला आणि विसाव्या वर्षी हायस्कुलात गेला. खाणीवर ऑलिव्हर जोन्स नावाचा एक काळा कामगार होता. यादवी युद्धात लढलेला, पण निरक्षर. त्याच्या घरी संध्याकाळी खाणकामगार जमत. तरुण वुडसनने त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि मग त्यावर चर्चा चालायची. कोणी युद्धाच्या आठवणी सांगे, कोणी मजुरीचे बोले. आपल्या लोकांच्या भूतकाळात शिरण्याची ओढ तेथे वाढली, असे वुडसनने पुढे लिहून ठेवले. बेरियानंतर तो फिलिपाइन्समध्ये शिक्षक झाला, पॅरिसला शिकला आणि 1912 साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. 1915 साली त्याने काळ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. 1926 साली त्याने सुरू केलेल्या इतिहास-सप्ताहातून आजचा 'ब्लॅक हिस्टरी' महिना झाला.

बंधूंनो, संशोधन म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. विद्यापीठाने त्याला शिस्त दिली, साधने दिली, पुरावा कसा तपासावा हे शिकवले. पण त्याच्या प्रश्नाला खतपाणी मिळाले ते त्या खाणकामगारांच्या बैठकीत.

आजचे बेरिया सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांचे आहे. ऐपत नसलेल्या हुशार मुलांनाच तेथे घेतात आणि 1892 पासून शिकवणीची फी घेत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाबरोबर आठवड्याला निदान दहा तास काम करायचे. कोणी माग चालवतो, कोणी झाडू बांधतो, कोणी शेतावर, कोणी ग्रंथालयात, कोणी कॉलेजच्या उपाहारगृहात. या कामाला मजुरी मिळते आणि अभ्यासासारखी त्याचीही पारख होते. उन्हाळ्यात काही विद्यार्थी प्राध्यापकांबरोबर संशोधन करतात. परदेशातील मुले तेथे येतात, तेथील मुले परदेशी जातात. तत्त्वज्ञान वाचणाऱ्याच्या हाताला झाडू लागतो, आणि झाडू बांधणारा तत्त्वज्ञान वाचतो.

हे ऐकून टाळ्या वाजवाव्यात असे वाटेल. पण माझा धंदा टाळ्यांपूर्वी हिशेब मागण्याचा आहे. काम करीत शिकण्याच्या नावाखाली काय चालते, ते मी पाहिले आहे. एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) शिकाऊ म्हणून घेतलेली पोरे वर्षभर रात्रपाळीला एकाच ड्रिलवर उभी होती. एकच भोक, दिवसाला शेकडो वेळा. आम्ही विचारले तर उत्तर आले, ही कामगार नाहीत, शिकाऊ आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानेही शिकाऊ हा कामगार धरला जात नाही. मग आम्ही विचारले, ठीक आहे, यांना शिकवले काय? त्याला उत्तर नव्हते.

म्हणून अशा प्रत्येक योजनेला मी तीन प्रश्न विचारतो. कामाचे तास बांधलेले आहेत काय? काम बदलत जाते काय? आणि हे असे का करायचे, असे पोराने विचारले तर त्याला उत्तर मिळते काय? तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. ज्या ठिकाणी 'का' विचारता येतो ते शिक्षण. ज्या ठिकाणी येत नाही ती वेठ, मग तिच्यावर विद्यापीठाचा शिक्का असो.

दुसरा हिशेब पैशाचा. विद्यार्थ्यांच्या घामावर बेरियाचा खर्च भागत नाही. त्यांच्यापाशी एक अब्ज डॉलरांहून मोठा निधी आहे आणि त्याच्या उत्पन्नावर कॉलेज चालते. गरिबाच्या पोराने कष्ट करून शिकावे हा उपदेश सोपा असतो, पण त्याच्या कष्टाने सगळे बिल फिटत नाही. बाकीचे कोणीतरी भरावे लागते. तेथे ते देणगीदारांनी भरले. आपल्याकडे ते सरकारी तिजोरीतून आले पाहिजे, कारण त्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणाऱ्याचाही कर आहे.

आपल्याला ही वाट अगदी परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात ठेवली. मुलांनी श्रम केले, शिक्षण घेतले. आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आजही चालते. म्हणजे श्रम आहे, परंपरा आहे. कमी आहे ती वुडसनच्या बैठकीची. आपला कमावणारा विद्यार्थी झाडांना पाणी घालतो, कचेरीत कागद लावतो आणि परीक्षेपुरते पाठ करतो. त्याच्या श्रमाचा आणि त्याच्या अभ्यासाचा एकमेकांशी परिचयच होत नाही.

तो करून देता येईल. यंत्रमागावरच्या कामगाराला बहिरेपण कोणत्या वयात येते, हे त्याच्या मुलीने मोजावे. शास्त्र विषयाचे प्राध्यापक तिला मोजायचे कसे ते शिकवतील. येथील सूत आणि ओतीव भाग बोटीने कोणत्या देशात जातात, तेथे त्यांची किंमत काय होते, ते विकत घेणारा आणि तेथे जोडणारा कामगार कसा राहतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शोधावे, जमल्यास त्या कामगाराला पत्र लिहावे. जुन्या संपांची पत्रके आणि सभांच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी जात आहेत; इतिहासाच्या मुलांनी त्या वाचाव्यात. यासाठी अब्जावधी लागत नाहीत. कॉलेजने फाटक उघडे ठेवावे, युनियनने आपले दप्तर उघडे ठेवावे आणि आईबापांनी पोराला 'याचा नोकरीला उपयोग काय' हे थोडे उशिरा विचारावे.

नोकरी पाहिजेच. उपाशी पोटी व्याकरणही सुचत नाही. पण ज्याला फक्त काम येते आणि त्या कामाविषयी प्रश्न विचारता येत नाही, तो कायद्याने स्वतंत्र असूनही त्या जुन्या वाटणीत अडकलेला आहे. स्वतंत्र माणसाची म्हणून जी विद्या एके काळी आपल्यापासून राखून ठेवली, ती आता मागून घेण्याचे दिवस आहेत. मजुरीवाढ आम्ही कागदावर लिहून मागतो. माझ्या मते पुढच्या मागणीपत्रात मजुरांच्या मुलांच्या या शिक्षणाचेही एक कलम असावे.