वाळवीची चाहूल

आग लागली तर धूर दिसतो, पूर आला तर पाणी दिसतें, आणि चोर येऊन गेला तर निदान सकाळीं फुटलेलें कुलूप दिसतें. वाळवी मात्र घरांत येते, वर्षानुवर्षें राहते, घर खाते, आणि घरच्या माणसांना त्याचा पत्ता लागूं देत नाहीं. दाराच्या चौकटीवरील रंगाचा पापुद्रा ती शाबूत ठेवते. आंतलें लांकूड तेवढें नाहींसें होतें. एखाद्या दिवशीं बिजागरी सैल झाली म्हणून सुताराला बोलावणें जातें, आणि त्याच्या पटाशीचें टोक चौकटीला लागतांच सरळ आंत शिरतें. फडताळांतील पोथीचीहि गत तीच. पुठ्ठा शाबूत, वरचें कापड शाबूत, आणि उघडून पाहावें तों पानांच्या जागीं मातीचा लगदा! अशा वेळीं प्रत्येक घरांत एकच उद्गार निघतो: अगोदर कळलें असतें तर!

तें अगोदर कसें कळावें, या प्रश्नामागें कीटकशास्त्रज्ञ आणि विद्युत्‌यंत्रांचे जाणकार बरींच वर्षें लागलेले आहेत. त्यांनीं कोणतीं साधनें शोधलीं आणि त्या साधनांवर कोठवर विसंबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शत्रूची ओळख. वाळवीला पांढरी मुंगी असें नांव पडलें आहे, परंतु तिचें मुंगीशीं नातें नाहीं. मुंगीची सोयरीक गांधीलमाशीशीं, तर वाळवीची झुरळाशीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानें हें नातें इतकें पक्कें केलें, कीं वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणांत घालण्यांत आलें. लांकडांतील मुख्य द्रव्य सेल्युलोज. तें पचविण्याचें काम वाळवी पोटांतील सूक्ष्म जीवांच्या साह्यानें करते. घरांना उपद्रव देणाऱ्या वाळवीचे ढोबळ मानानें दोन वर्ग आहेत. पहिली जमिनींतली. तिचें बिऱ्हाड मातींत असतें आणि ओल ही तिची गरज आहे. अन्नाच्या शोधांत ती पायाच्या फटींतून वर येते आणि उजेड व कोरडी हवा यांपासून बचाव करण्यासाठीं मातीच्या नळ्या बांधून त्यांतून ये-जा करते. दुसरी कोरड्या लांकडांतली. तिला जमिनीचा आधार लागत नाहीं. एखाद्या खुर्चीच्या पायांतहि तिचें सबंध कुटुंब सुखानें नांदूं शकतें.

जुन्या माणसांना या दोघींच्याहि खुणा ठाऊक होत्या. भिंतीवर चढत गेलेली मातीची रेघ. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवतीं घोंगावणारीं पाखरें आणि सकाळीं खिडकीखालीं पडलेले त्यांचे पंख. कपाटाखालीं सांडलेले खसखशीएवढे कोरडे कण. आणि बोटाच्या पेरानें ठोकलें असतां लांकडांतून निघणारा पोकळ आवाज. या खुणा खऱ्या आहेत. त्यांची उपयुक्तता आजहि कमी झालेली नाहीं. त्यांचा दोष एवढाच, कीं कोरडे कण पडूं लागतात व लांकूड पोकळ वाजूं लागतें, तोंवर नुकसान होऊन गेलेलें असतें.

मग यंत्रांचा शोध पूर्वींच जोरानें कां झाला नाहीं? याचें एक मोठें कारण म्हणजे विष स्वस्त होतें. अमेरिकेंत १९४८ पासून क्लोरडेन नांवाचें जहर घरांच्या पायांत ओतलें जाऊं लागलें. तें जमिनींत वर्षानुवर्षें टिके. वाळवी नेमकी कोठें आहे हें शोधण्याचें मग प्रयोजनच उरलें नाहीं. सबंध पायाच विषारी करून टाकला कीं काम झालें. परंतु जें विष मातींत टिकतें तें माणसाच्या घरांतल्या हवेंतहि टिकतें, हें ध्यानांत आल्यावर १९८८ मध्यें तेथें क्लोरडेनची विक्री थांबविण्यांत आली. पुढें २००१ च्या स्टॉकहोम करारानें क्लोरडेन, अॅल्ड्रिन, हेप्टाक्लोर यांसारखीं चिवट विषें जगभर हटविण्याचें ठरलें; भारतानें तो करार २००६ सालीं मान्य केला. सरसकट विषप्रयोगाचे दिवस असे सरूं लागतांच ‘वाळवी नेमकी कोठें आहे?’ या प्रश्नाला नवें महत्त्व आलें. जेथें शत्रु आहे तेथेंच औषध घालावयाचें, तर शत्रूचें ठिकाण कळलेंच पाहिजे.

ठिकाण कळावें तर तिच्या जिवंतपणाचें कांहीं तरी लक्षण पकडावें लागेल. ती खाते, चालते, ओल आणते, श्वसन करते. या चारहि गोष्टींच्या मागें माणूस यंत्र घेऊन लागला आहे.

त्यांत आवाजाचा मार्ग सर्वांत जुना. वाळवीच्या वसाहतींतील शिपाई संकटाची सूचना देण्यासाठीं आपलें डोकें जमिनीवर आपटतात. आफ्रिकेंतील एका जातीचा अभ्यास जर्मन संशोधकांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत हे शिपाई सेकंदाला सुमारें ११ ठोके देतात असें आढळलें. एकाचा ठोका पोंचला कीं दुसरा ठोकूं लागतो, दुसऱ्याचा पोंचला कीं तिसरा, आणि अशा रीतीनें ती हांक दूरवर जाते. वाळवीच्या या भाषेला यंत्राचा कान लावण्याचा प्रयत्न मात्र फार पूर्वींचा आहे. लांकडांतून किंवा मातींतून जाणारीं हीं कंपनें टिपण्याच्या उपकरणाचें वर्णन इमर्सन व सिम्प्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२९ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

शिपायांचे ठोके नेहमींच वाजत नाहींत; खाणें मात्र चालूच असतें. वाळवी लांकडाचा तंतु तोडते तेव्हां त्यांत सांठलेला ताण सुटतो आणि एक अतिसूक्ष्म धक्का लांकडांतून धांवतो. हा धक्का इतक्या उंच स्वराचा असतो कीं माणसाच्या कानाला तो ऐकूंच येत नाहीं. मनुष्याचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत पोंचतो; वाळवी शोधणारीं यंत्रें ६०,००० कंपनांच्या आसपास ऐकतात. त्यांत फायदाहि आहे. रस्त्यावरची गाडी, शेजारचें बोलणें, स्वयंपाकघरांतील भांडीं यांचा बहुतेक गलबला खालच्या स्वरांतला असल्यामुळें तो गाळून टाकतां येतो. जुन्या ग्रामोफोनच्या सुईमागें जसा दाब पडतांच वीज उत्पन्न करणारा स्फटिक असे, तसाच पदार्थ या यंत्राच्या टोकाशीं असतो. तें टोक लांकडाला भिडवावयाचें, निघणारी वीज वाढवावयाची आणि मिनिटाला किती धक्के आले तें मोजावयाचें. जपानांतील शास्त्रज्ञांनीं १९९० च्या सुमारास आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लुइस व लेमास्टर यांनीं १९९१ मध्यें या मार्गानें लांकडांतील वाळवी ओळखतां येते हें दाखवून दिलें.

परंतु लांकूड हें सर्व दिशांना सारखें बोलत नाहीं. तंतूंच्या दिशेनें आवाज दूरवर जातो, आडवा मात्र थोड्याच अंतरावर विरतो. दोन लांकडांच्या सांध्यापाशीं तो पुष्कळसा तेथेंच थांबतो. म्हणजे तुळईच्या एका टोकाला यंत्र लावून घरभरच्या लांकडांची परीक्षा होत नाहीं. वैद्य जशी छातीवर नळी जागोजाग ठेवून ऐकतो, तसें येथेंहि करावें लागतें.

दुसरा मार्ग हालचालीचा. ऑस्ट्रेलियांत विसाव्या शतकाच्या अखेरीस टर्माट्रॅक नांवाचें यंत्र निघालें. रडार विमानाचा वेध घेतें त्याच तत्त्वावर हें चालतें. यंत्रांतून निघालेल्या सूक्ष्मलहरी लांकूड किंवा गिलावा भेदून आंत जातात आणि परततात. आंत कांहीं हालत असेल तर परतणाऱ्या लहरींत फरक पडतो, आणि तो फरक पडद्यावर उमटतो. भिंत फोडावी लागत नाहीं, हा याचा मोठा गुण. पण तें हालचाल ओळखतें, हालणाऱ्याची जात ओळखत नाहीं. यंत्र धरणाऱ्याचा हात कांपला, भिंतीपलीकडून माणूस गेला, नळांतून पाणी वाहूं लागलें, तरी खूण उमटूं शकते. म्हणून जाणता परीक्षक यंत्र हातांत न धरतां तें भिंतीशीं टेकवून ठेवतो आणि तीच जागा पुन्हां पुन्हां तपासतो. शिवाय धातूच्या पत्र्याआड या लहरींची नजर पोंचत नाहीं.

तिसरा मार्ग ओलीचा व उष्णतेचा. लांकडांत दोन सुया टोंचून त्यांमधून वीज किती सहज जाते हें पाहिलें कीं ओल समजते. ओल्या लांकडांतून ती अधिक जाते. जमिनींतली वाळवी ओल घेऊन येत असल्यामुळें कोरड्या भिंतींत एकाच ठिकाणीं ओल सांपडली तर संशयाला जागा होते. उष्णतेचें चित्र काढणारा कॅमेराहि भिंतीवरील असे निराळे डाग दाखवितो. मात्र आषाढांत कोंकणांतल्या किंवा मुंबईतल्या घरीं हें यंत्र नेलें तर बहुतेक प्रत्येक भिंत संशयित ठरेल! ओल हा पुरावा नव्हे. तो केवळ तपास कोठें सुरू करावा याचा इशारा आहे.

चौथा मार्ग वासाचा. वाळवीच्या पोटांतील सूक्ष्म जीवांमुळें मिथेन वायु बाहेर पडतो, आणि तो हुंगणारीं यंत्रेंहि करण्यांत आलीं. या बाबतींत मात्र एका जुन्या सोबत्यानें आपला मान राखला आहे. फ्लोरिडा विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शिकविलेल्या कुत्र्यांनीं ४० हून अधिक वाळवी असलेले नमुने शेंकडा ९५.९३ वेळां बरोबर ओळखले, आणि नसलेली वाळवी आहे असें शेंकडा २.६९ वेळांच सांगितलें.

हे चारहि मार्ग वाळवी घरांत शिरल्यानंतरचे. ती दाराशीं असतांनाच पकडण्याचीहि एक युक्ति आहे. घराभोवतीं जमिनींत जागोजाग लांकडाचे तुकडे पुरून ठेवतात. वाळवी ते खाऊं लागली कीं त्याच जागीं तिच्या वाढीस मारक असें औषध घातलेलें खाद्य ठेवतात. तें ती वसाहतींत नेऊन सर्वांना वांटते. फ्लोरिडा विद्यापीठांतील नान-याओ सू यांच्या संशोधनांतून आलेल्या या पद्धतीनें न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या स्मारकांतील वाळवीचें निर्मूलन झाल्याचा वृत्तांत १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. यांत अडचण एवढीच, कीं प्रत्येक तुकडा वरचेवर उकरून पाहावा लागतो. म्हणून त्याच संशोधकांनीं चांदीच्या कणांच्या शाईनें वीजवाहक रेषा काढलेले तुकडे योजले. वाळवीनें तुकडा कुरतडला कीं रेषा तुटते, वीज थांबते आणि पहारेकऱ्याला वर्दी जाते. येथें वाळवी स्वतःच्या दांतांनीं स्वतःची फिर्याद नोंदविते.

इतकीं यंत्रें असतां गृहस्थानें निर्धास्त व्हावें काय? तसें म्हणतां येत नाहीं. यांपैकीं एकहि यंत्र वाळवी पाहत नाहीं. प्रत्येक तिच्या जीवनाचें एकेक लक्षण तेवढें टिपतें. थंडीनें किंवा ठोकाठोकीनें वाळवी स्वस्थ बसली, तर ऐकणारें यंत्र मुकें राहतें आणि पाहणाऱ्या यंत्राला हालचाल दिसत नाहीं. ती दोन हात पलीकडच्या तुळईंत असेल, तरीहि तेंच. यंत्र बोललें तर शोध घ्यावा, हें खरें. पण यंत्र गप्प राहिलें म्हणजे घर निर्दोष, असा दाखला कोणीं दिल्यास तो घेऊं नये. उलटपक्षीं, पडद्यावर एक खूण उमटली म्हणून घाबरून सबंध घरांत विष फवारून घेणेंहि शहाणपणाचें नाहीं. हीं साधनें निघालीं तीं विष कमी वापरावें लागावें म्हणून. त्यांनीं भीति वाढवून विषाचा खप वाढविला, तर त्यांचा हेतूच फसला.

तेव्हां सुज्ञ कुटुंबानें काय करावें? घर विकत घेण्यापूर्वीं आणि रंगकाम काढण्यापूर्वीं तपासणी करून घ्यावी, कारण नवा रंग जुन्या खुणा झांकून टाकतो. भिंतीवर मातीची नळी दिसली तर ती लगेच झाडून टाकूं नये. परीक्षकाला ती जशीच्या तशी दाखवावी. तिचा थोडा भाग मोडून दोन-चार दिवसांनीं पाहावें. तो पुन्हां बांधला गेला असेल तर वाळवी जागी आहे, आणि ही परीक्षा कोणत्याहि यंत्रावांचून होते. तपासणाऱ्यानें एकाच यंत्रावर भिस्त ठेवली कीं दोन निरनिराळ्या लक्षणांचा मेळ घातला, हें विचारावें. नवें घर बांधतांना भारतीय मानक ६३१३ मध्यें सांगितलेले प्रतिबंधक उपाय पाया भरतांनाच करून घ्यावे. आणि पोथ्या, दस्तऐवज, जुने फोटो ज्या कपाटांत असतील तें भिंतीपासून थोडें दूर ठेवून वर्षांतून दोनदां तरी रिकामें करावें.

ऑस्ट्रेलियांतील इव्हान्स व लाइ यांच्या संशोधनांत एक मौजेची गोष्ट निघाली आहे. कोरड्या लांकडांतली वाळवी चावतां चावतां उठणाऱ्या कंपनांवरून आपल्यापुढील लांकूड केवढें आहे हें ओळखते, असें त्यांनीं २००५ मध्यें दाखविलें. नोंदवून ठेवलेलीं कंपनें दुसऱ्या तुकड्यांतून ऐकविलीं तर तिची निवडहि बदलली. २००९ मध्यें आढळलें, कीं याच वर्गांतील एक जात त्याच लांकडांतल्या दुसऱ्या, अधिक बलाढ्य वाळवीची चाहूल कंपनांवरून घेते आणि तिच्या वाटेला जात नाहीं. माणसानें जें ऐकण्याची विद्या अलीकडे यंत्रांच्या साह्यानें मिळविली, ती या आंधळ्या किड्यापाशीं कोट्यवधि वर्षांपासून आहे. त्या विद्येंत तो अजून माणसाच्या पुढें आहे. म्हणून यंत्र विकत घेतलें तरी पटाशी, विजेरी आणि अनुभवी सुताराचा पत्ता या तीन गोष्टी घरांतून काढून टाकूं नयेत.