घडी घातलेला नाद

चित्रपटगृहातील नाद प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढतो. तोच घरी आणावयाचा, तर पाच लाउडस्पीकर आणि खर्जातील नादासाठी सहावा, अशा सहा स्वतंत्र नादधारा लागतात. प्रत्येक धारेचे सेकंदाला ४८,००० नमुने आणि नमुन्याला १६ बिट धरले, तर हा पसारा सेकंदाला सुमारे ४६ लाख बिटांचा होतो.

१९९६ साली जपानात प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीवर चित्रालाही जागा हवी होती. म्हणून डॉल्बी डिजिटल पद्धतीने हाच नाद जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत, म्हणजे जवळजवळ दशांशात बसविला. हे साधले ते कानाच्या एका स्वभावामुळे. ढोल वाजत असता शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती नोंदवावी कशाला? परंतु एकदा टाकलेले पुन्हा हाती येत नाही.

२००६ साली ब्लू-रे तबकडी आली आणि जागा वाढली. डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धती नादाची केवळ घडी घालतात. काही फेकून देत नाहीत. घडी उलगडली की मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा मिळतो. घडी न घातलेल्या नादाहून तो तिळमात्र वेगळा नसतो.

तेव्हा ग्राहकाने ‘संकोचित’ या शब्दाला भिऊ नये. संकोचात काही गमावले की नाही, एवढेच विचारावे. जुन्या प्रकाशवाहक जोडणीतून सहा धारांचा पूर्ण नाद जात नाही, त्यासाठी एचडीएमआय लागते, हेही ध्यानी ठेवावे. नाहीतर उत्तम तबकडी घेऊनही घरात उरलासुरला नादच ऐकू यावयाचा.