मागावरचं आणि सुयांवरचं

इचलकरंजीचा कारागीर धोतराचं कापड विणतो आणि आजी नातवाचा स्वेटर विणते. मराठीत क्रियापद एकच. त्यामुळे ही दोन कामं मुळातच निराळी आहेत, हे आपल्या ध्यानात येत नाही. दुकानात आपण कापडाला हात लावतो आणि विचारतो, "कॉटन आहे ना?" शर्ट आणि टी-शर्ट, दोन्ही एकाच कापसाचे असू शकतात. तरी एक ताणत नाही, दुसरा ताणतो. फरक सुतात नाही, सूत कुठल्या वाटेनं गेलं त्यात आहे. माझ्या मते विचारायला हवं ते हे की, कापड मागावरचं की सुयांवरचं?

घरी गेल्यावर शर्टाच्या बाहीवर भिंग धरून बघा. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून जातो, शेजारच्याच्या खालून. धागे जवळजवळ सरळ असतात, मग ताणायला वाव कुठून असणार? तेच कापड कोपऱ्यांत धरून तिरकं ओढा. आता धाग्यांमधले बारीक चौकोन कलंडतात आणि कापड लवतं. ब्लाउजच्या गोल गळ्याला शिंपी तिरकी कापलेली उरेब पट्टी लावतो, ती याचसाठी.

मग भिंग बनियनवर न्या. तिथे ताणा नाही, बाणा नाही. टाक्यातून टाका काढत नेलेला आहे. ओढलं की टाक्याचं वळण उलगडतं, सोडलं की बरंचसं परत येतं. म्हणून बनियन अंगाबरोबर हलतो. पण एक टाका तुटला की त्याच्या आधाराचे टाके सुटत जातात, मोज्याला शिडी पडते ती अशी. मागावरच्या कापडाचं तसं नाही. दुकानदार त्याला कात्रीनं चीर देतो आणि हातानं टरकन फाडतो, चीर धाग्याच्या रेषेत सरळ जाते.

तयारीतही मोठं अंतर आहे. मागावर पहिला धोटा फिरण्याआधी शेकडो, मोठ्या पन्ह्याला हजारो उभे धागे एकसारख्या ताणात बसवावे लागतात, त्यांना खळ द्यावी लागते, फणीतून एकेक ओवावा लागतो. हे काम दिसत नाही आणि त्याचं मोलही धडपणे मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुयांना मात्र एक गुंडा पुरतो. यंत्रही सुयांच्या कामाला आधी मिळालं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र 1589 मध्ये केलं, तर तिथल्याच कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तो 1904 साली. आज टी-शर्टचं कापड पुष्कळदा गोल यंत्रावर नळीसारखं उतरतं. बऱ्याच बनियनांना बाजूला शिवण नसते, ती का नसते ते यावरून कळेल.

आमच्या आईला हे सगळं हातानं ठाऊक होतं. जुनी नऊवारी गोधडीत जायची. कापड जागचं हलत नाही, थरांवर थर सपाट बसतात, धावदोरा सरळ पडतो. एकदा तिनं मधल्या थरात जुने बनियन घातले. ते सुईबरोबर सरकले, ताणले आणि गोधडीला जागोजाग फुगे आले. तिनं ती सबंध उसवली आणि बनियन पायपुसण्याला दिले. टाक्यांच्या पोकळ्यांत पाणी चांगलं राहतं, तेव्हा तिथे ते उपयोगी पडले.

स्वेटर मात्र ती मुद्दाम उसवायची, धाकट्यासाठी नव्यानं विणायला. साडीचं सूत असं कोण काढणार? उसवलेली लोकर कुरळी निघायची, एकेका टाक्याचं वळण धाग्यात तसंच राहिलेलं. आई ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लड करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि दोरीवर टांगून खाली पितळी तांब्या बांधायची. सकाळपर्यंत लोकर सरळ झालेली असे.