समुद्राच्या तळाशी माशांची वस्ती



मृगाचा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आलं, की आपल्याकडे मासे चढणीला लागतात. पोटात गाभोळी घेऊन ते वरच्या अंगाला अंडी घालायला निघतात. आणि वाटेत कोण उभे असते? बगळे असतात, खंड्या असतो, जाळे-टोपली घेऊन आपणही असतो. चढणीचा मासा धरायला मेहनत पडत नाही. अंड्यांपायी त्याला जिवाचे भान नसते.

खोल समुद्रातही असेच चालते. ते कसे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा बर्फाचा खंड आहे. त्याच्या कडेला वेडेल समुद्र आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत पोलारस्टर्न हे जर्मन जहाज तिथे गेले. शास्त्रज्ञांनी जहाजामागे कॅमेरा बांधून तो तळाजवळ सोडला. पाणी किती खोल म्हणाल, तर साठ फुटी विहिरी एकीखाली एक अशा पंचवीस ठेवा, एवढे!

तळाशी गोल गोल खड्डे दिसले. प्रत्येक खड्डा मोठ्या परातीएवढा. मध्ये बारीक खडे, खड्यांवर अंडी. एका खड्ड्यात सुमारे १७०० अंडी. बहुतेक खड्ड्यांवर एक मासा राखणीला बसलेला. जहाज पुढे जात राहिले, तरी खड्डे संपेनात.

ही वस्ती सुमारे २४० चौरस किलोमीटर निघाली. २०१७ साली नवी गावे जोडण्याआधी पुणे शहराची हद्द जवळजवळ तेवढीच होती. त्या पुण्यात २०११ च्या शिरगणतीत माणसे होती ३१ लाख. इथे माशांची घरटी अंदाजे ६ कोटी!

हा मासा आइसफिश जातीचा. त्याचे रक्त तांबडे नसते, पाण्यासारखे असते. आसपासच्या पाण्यापेक्षा इथले पाणी थोडे ऊबदार आहे. कोंबडी उबेची जागा धरते ना, तसेच हे दिसते.

आता एवढे मासे एका जागी, तेही अंडी सोडून न हलणारे, म्हटल्यावर खाणारे येणारच. तिथे वेडेल सील नावाचा प्राणी आहे. तो मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. वजन चार-पाचशे किलो. दातांनी बर्फ कोरून तो श्वासाला भोक उघडे ठेवतो आणि तिथून खाली बुडी मारतो. तासभरसुद्धा दम धरतो. शास्त्रज्ञांनी काही सीलांच्या अंगावर लहान यंत्रे चिकटवली होती. त्यांवरून कळले, की शंभरातल्या सुमारे नव्वद बुड्या या वस्तीच्या भागातच होत्या. सील तिथे मासा खाताना कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण मांजर रोज दुधाच्या फडताळापाशी का बसते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

जे मासे मरून पडतात, त्यांच्यावर तारामासे आणि इतर जीव जगतात.

सील कितीही खादाड असला, तरी श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. जहाजाच्या जाळ्याचे तसे नाही. तळ खरवडणारे जाळे इथे फिरले, तर मासा, अंडी, खडे, सगळे एका ओढीत जाईल. म्हणून हा समुद्र राखीव करावा अशी मागणी आहे. २०२१ साली आपल्या भारत सरकारनेही तिला पाठिंबा दिला. पण तिथल्या मासेमारीचे नियम करणाऱ्या मंडळात सगळ्या देशांचे एकमत लागते. गावकीत एक जण अडून बसला की काम कसं अडतं, ते तुम्ही जाणताच. २०२४ च्या बैठकीतही एकमत झाले नाही.

परतताना शास्त्रज्ञांनी त्या वस्तीत दोन कॅमेरे ठेवले. कोण येते, कोण जाते, किती अंडी फुटतात, हे पाहायला.